कांडपयंत्र माझ्याच परसात का आलं

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्येच "अगं आई!" म्हणून ओरडणार नाही.

आम्हा बायकांचा चटणीचा धंदा आहे. लेकीनं तो मोबाईलवर मांडून दिला आणि ती पुण्याला गेली. अध्यक्ष नाही, सचिव नाही. जिनं जितकी चटणी केली तितकी तिची मतं, आणि निकाल कॉम्प्युटर लावणार. याला डाओ म्हणतात म्हणे. मी म्हटलं, चला, अध्यक्षीणबाईंचे सत्कार तरी वाचले!

नाव नोंदवायच्या दिवशी सगळ्याजणी मिरच्या कांडत होत्या. "तूच दाब की गं मालन, माझी बोटं तिखटाची हायती!" मी हात धुऊन बसलेली. एकेकीचा फोन घेतला, नाव नोंदवलं... आणि खाली एक सोय होती — जमत नसेल तर आपली मतं दुसरीवर सोपवा. ती मी माझ्यावरच सोपवून घेतली. सगळ्यांची! विचारलं का? नाही. सांगितलं? छे!

मग कांडपयंत्र घ्यायचं ठरलं. बसवायचं कुठं? गडमुडशिंगीची आक्काताई म्हणाली, माझा गोठा रिकामा आहे. गुडघे धरून, मिरच्यांची पोती घेऊन ती एसटीनं येते. यंत्र दारात आलं की तिची ती ओढाताण संपणार होती. दुसरी जागा माझं परस. माझं मतबी तूच दाब म्हणून एकेकीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "रागावू नगंस, पण आक्काताईच्या गोठ्याला दे." मी प्रत्येकीला हसून "व्हय की!" म्हटलं.

आणि बटण माझ्या परसाचं दाबलं.

कुणाला संशय? कसला! जिला तिला वाटलं, बाकीच्याच मालनच्या बाजूच्या. आक्काताई तर पेढा घेऊन आली. "बरं झालं बाई, कॉम्प्युटरनं निकाल दिला," म्हणाली. "माणसांनी दिला असता तर तुझी भीड धरली असं वाटलं असतं!" मी पेढा खाल्ला. चांगला होता हो — काय खोटं बोलू?

यंत्र झकास चालतंय. आक्काताई अजून एसटीनंच येते. सोपवलेली मतं परत घ्यायचं बटणही त्याच पानावर आहे. ते मी अजून एकीलाही दाखवलेलं नाही.