खातंय आणि वाळतंय

निपाणीच्या पूर्वेला, चिकोडी रस्त्याच्या आतल्या अंगाला एक गाव आहे. तिथं म्हैस अंगानं उतरली की लोक आधी आप्पाण्णाला हाक मारतात, मग जनावरांच्या डॉक्टरला. आप्पाण्णा खांद्यावर घायपाताची दोरी टाकून येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती दोरी फिरवतो, टोक जिथं भिडेल तिथं रंगीत दोरा बांधतो. लाल दोरा भरमूच्या म्हशीचा, हिरवा पाटलांच्या गाईचा. महिन्याने पुन्हा फेरी. टोक दोऱ्याच्या पुढं चार बोटं सरकलं की त्याच्या कपाळावर आठी पडते.

पोरं त्याला चिडवतात, "आला शिंपी, म्हशीचं झंपर शिवायला!"

"तुझ्या आईला सांग, कापड जास्त आणायला," असं म्हणून तो पुढं चालू लागतो.

ही दोरी त्याला चंद्रीनं शिकवली. चंद्री ही त्याची पहिली दुभती म्हैस. आठ महिने तो तिला रोज स्वतःच्या हाताने धूत होता आणि त्याच हाताखाली ती वाळत होती. वर्षाने दारात आलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, हा सांगाडा कशाला बांधलाय?" चौथ्या दिवशी चंद्री आडवी झाली ती उठलीच नाही. तेव्हा आप्पाण्णाला कळलं की रोज बघणाऱ्याला वाळणं दिसत नाही. ते संध्याकाळच्या सावलीसारखं असतं. टक लावून बसलं तर ती हलतच नाही, मान वळवून पुन्हा पाहावं तर अंगण गिळून झालेलं असतं.

पुढं एका वर्षी श्रावणात भरमूने त्याला बोलावलं. म्हशीचं पोट ढोलासारखं, म्हणून भरमू निर्धास्त होता.

"पोट कशाला बगतोस? पाठ बग," आप्पाण्णा म्हणाला. "टोपी अडकवायला खुंट्या झाल्यात हिच्या ढुंगणाच्या हाडाच्या. चारा खाती का?"

"लई खाती की! दुप्पट खाती."

"मग तर आजच डॉक्टर. खात न्हाय म्हणून वाळलं, तर दात बगायचं, न्हायतर भूक मेलीया म्हणायचं. पण खातंय आणि वाळतंय, त्या जनावराच्या आत कुणीतरी दुसरं जेवतंय."

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर श्रद्धा आल्या. वयाने आप्पाण्णाच्या लेकीसारख्या, मूळच्या निपाणीच्याच. त्यांनी शेण तपासायला नेलं. ओढ्याकाठच्या ओल्या गवतातून गेलेले पानासारखे चपटे जंत यकृतात बसले होते, त्यांची अंडी शेणात सापडली. औषध दिलं. तीन आठवड्यांनी दोरीचं टोक दोन बोटं मागं आलं आणि भरमूने साऱ्या गल्लीला पेढे वाटले.

"आप्पाण्णा, तुमची दोरी दवाखान्यात भरती करून घेऊ का?" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या.

"पगार किती देताय तिला?"

असा हा माणूस. साऱ्या गावाच्या गोठ्यांतलं त्याला दिसत होतं.

त्याच्या घरात मात्र त्या दिवसांत आनंदीआनंद होता. बायको शालन, वय बावन्न, राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून सोळाकारण व्रताला बसली होती. महिनाभर एकाशन, दिवसातून एकदाच जेवायचं. आणि काय तिची चपळाई! पहाटे चारला उठून अंगण सारवायची, दोन्ही म्हशींचं शेण काढायची, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन पूजेचे तांदूळ निवडायची, दुपारी शेजारणीच्या शेवया करून द्यायची. बसणं म्हणून नाहीच. पावसाळी हवेत बायका पदर लपेटून बसत, तेव्हा हिच्या कपाळावर घाम. देहाने मात्र ती उदबत्तीसारखी झाली होती.

"तप अंगी लागलंय गं शालनाक्काच्या," त्रिशला बस्तीत सगळ्यांसमोर म्हणाली. त्रिशला ही शेजारीण, आणि महिला मंडळाची अध्यक्ष. "डोळं बघा कसं मोठं झाल्यात. तेज हाय, तेज! शेवटच्या दिवशी हिची मिरवणूक काढायची. ट्रॅक्टर सजवायचा, वर खुर्ची."

शालन लाजली. तीस वर्षं तिचे हात शेणात आणि चुलीत होते. गावाने तिला आजवर 'आप्पाण्णाची मालकीण' यापलीकडे नाव दिलं नव्हतं. त्या रात्री तिने नवऱ्याला तीनदा विचारलं, "खुर्चीवर बसायचं म्हंजे पाय कुठं ठेवायचं हो?"

आप्पाण्णाही फुशारला होता. स्वतः त्याला उपवास कधी जमला नाही. त्याचा उपास सकाळी नऊला सुरू होऊन अकराच्या भाकरीला सुटतो, असं गाव म्हणायचं. बायकोचं पुण्य अर्धं आपल्या खात्यावर पडेल अशी त्याची समजूत होती.

मिरवणुकीला नऊ दिवस राहिले होते. आप्पाण्णा नेहमीप्रमाणे अकराला जेवून बाहेर पडला आणि वेशीपर्यंत गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की दोरी घरीच राहिली. तो परत आला. शालन नुकती ताटावर बसली होती. त्या घरात मालक आधी जेवून जायचा आणि बाई मागून एकटी जेवायची. तीस वर्षांच्या संसारात आप्पाण्णाने बायकोला पोटभर जेवताना कधी पाहिलं नव्हतं. पाहायची पद्धतच नव्हती.

"बस बस, उठू नगो. व्रतवाल्या बाईला आज मी वाढतो, तेवढंच पुण्य."

त्याने टोपलीतली भाकरी वाढली, मुगाची आमटी ओतली. भाकरी संपली. दुसरी वाढली. तीही संपली. तिसरी, चौथी. शालन मान खाली घालून भरभर घास मोडत होती, घास उचलताना बोटं थरथरत होती. पाचवी भाकरी वाढताना आप्पाण्णाचा हात टोपलीतच थांबला. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या आणि मानेखालची दोन हाडं खुंट्यांसारखी वर आली होती.

"रोज एवढं खातीस?"

शालनचे डोळे भरले. "कुणाला सांगू नका हो. बाया म्हणत्यात तप, तप. आणि मी बसल्या बैठकीला पाच भाकरी वडती. लई लाज वाटती. खाल्लं तरी पोटात आग हायेच."

"आणि ह्या बांगड्या कधीपासनं ढिल्या हैत?"

"पाडव्याला भरलेल्या. आखितीलाच सैल झाल्या की."

आप्पाण्णाने बोटांवर महिने मोजले. अक्षय्य तृतीया वैशाखातली, व्रत श्रावणातलं. वाळणं आधी आलं होतं, तप मागून. गावभर दोरी घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या चुलीपुढं कुणीतरी दुसरं जेवत होतं.

गोठ्याच्या मागं जाऊन त्याने डॉक्टर श्रद्धांना फोन लावला.

"डॉक्टरीणबाई, एक केस हाय. खातंय दुप्पट, वाळतंय. अंगाला घाम, पाय थरथरत्यात, रातभर डोळा लागत न्हाय, डोळं मोठं दिसत्यात. चार-पाच महिनं झालं."

"म्हैस की गाय? जात कोणती?"

आप्पाण्णा घुटमळला. "जैन."

तिकडं हसू दाबल्याचा आवाज, आणि लगेच गंभीर सूर. "शालनाक्का का? अहो अण्णा, मी जनावरांची डॉक्टर. मी काही सांगू नये. पण आजच्या आज नाही तर उद्या बेळगावला माणसांच्या चांगल्या डॉक्टरकडं न्या. रक्त तपासायला सांगतील. थायरॉइड असू शकतं, साखर असू शकते, आणखी काही. थांबू नका. छाती धडधडायला लागली तर वेळ घालवून चालत नाही."

शालन ऐकेना. "नऊ दिस ऱ्हायल्यात. मिरवणूक होऊ दे, मग न्या कुठं न्यायचं ते. आत्ता गेलं तर लोक म्हणतील रोग हुता, तप कसलं?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस?"

"तुमाला काय कळतंय? तुमास्नी गाव हाक मारतंय. मला पयल्यांदाच कोण खुर्ची देतंय."

भरमूला तो 'आजच' असं दटावू शकत होता, इथं दटावणी चालत नव्हती. संध्याकाळी, दिवस बुडण्याआधीचं जेवण वाढायला ती उठली तेव्हा त्याने हात जोडले.

"माझा चारी आहाराचा त्याग. तुझा पाय डॉक्टरच्या पायरीला लागंपर्यंत अन्न न्हाय, पाणी न्हाय."

शालन खदखदून हसली. "तुमी? उद्या धापर्यंत टिकलासा तर नाव बदलीन."

सकाळी चहा त्याने परत केला. दहा वाजले. साडेदहाला तो उगीचच म्हशीवर ओरडला. अकराला बाजेवर आडवा झाला आणि छपराचे वासे मोजू लागला. टोपलीत भाकऱ्या तयार होत्या, पण उपाशी नवऱ्यापुढं घास मोडायचा कसा? शालन एकदा चुलीपाशी जाई, एकदा दाराशी येई. तिच्या पोटातल्या आगीला नऊ दिवस कळत नव्हते, नऊ मिनिटंही कळत नव्हती. साडेअकराला तिने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि फडकं बाजेवर आदळलं.

"उठा! तुमच्या उपासानं मीच मरंन. बेळगावची यष्टी कधी हाय?"

दवाखान्याच्या पायरीला तिचा पाय लागला तेव्हा साडेतीन वाजले होते. नंबर यायला वेळ होता. व्हरांड्यातल्या बाकावर फडकं सोडून दोघं जेवायला बसली, लग्नानंतर पहिल्यांदा एका वेळी. आप्पाण्णा अधाशासारखा खात होता आणि शालन त्याच्यापेक्षा भरभर. समोरचा एक म्हातारा आपल्या बायकोला कन्नडमध्ये म्हणाला, "ही दोघं आजारी दिसत नाहीत गं, लग्नाच्या वऱ्हाडातनं आलीत."

रात्री दोघं बेळगावजवळच्या मच्छ्याला मुलाकडं, गोमटेशकडं राहिली. तो तिथं कारखान्यात कामाला होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जोरात चालत होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या अंगातली चूल कुणीतरी मोठी करून ठेवलीय. खाल तेवढं जळतंय. गोळ्यांनी आच कमी करू. वेळेवर आलात. दर महिन्याला दाखवायचं, गोळी चुकवायची नाही, आणि उपासबिपास बंद. तीनदा पोटभर जेवायचं."

बाहेर आल्यावर शालन भिंतीला टेकून उभी राहिली. दुखणं बरं होणारं आहे याचा आनंद तिच्या तोंडावर उमटता उमटता अर्ध्यावर अडकला होता.

"म्हंजे माझं तप खोटंच. सगळं रोगानं केलं. मी काय केलं?"

आप्पाण्णा बोलण्यात वस्ताद, पण ते जनावरांबद्दल. तो तिच्या शेजारी भिंतीला टेकला. मग म्हणाला, "मी एक दिस उपाशी ऱ्हायलो गं, काल. साधी भूक माझी. तरी म्हशीला शिव्या दिल्या. तुला वणवा लागलेला पोटात, आणि चोवीस दिस तू एकदाच बसलीस. सांजंला टोपलीत भाकरी असायची, हात लावला न्हाईस. भरल्या पोटाचं तप सोपं असतंय. तुझं कुणाला जमंल?"

शालनने त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस दोरीशिवायही काही मापू शकतो, हे तिला नवीन होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "म्हशीला शिव्या दिल्या त्याचं पाप कुणाच्या खात्यावर?"

गावात परतल्यावर ती स्वतः त्रिशलाच्या घरी गेली आणि भाकऱ्यांच्या आकड्यासकट सगळं सांगून मोकळी झाली. व्रत पुढं कधीतरी पुरं करता येईल, औषध आधी, असं बस्तीतल्या उपाध्यांनीही सांगितलं. त्रिशला कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "आणि मी म्हणत हुते तेज! आक्का, तू मेली असतीस तर माझं भाषण वाया गेलं असतं की गं."

ट्रॅक्टरवरच्या खुर्चीवर मग दुसरी व्रतस्थ बाई बसली. शालन मिरवणुकीत खालून चालली, कुणी विचारलं की आजाराचं नाव ठासून सांगत. ते नाव तिने पाठ केलं होतं. दोन बायकांनी आपल्या सुनांची नावं घेऊन तिला बाजूला नेलं आणि हळूच काहीबाही विचारलं.

वजन परत यायला वेळ लागला. दिवाळीपर्यंत दोन किलो, संक्रांतीपर्यंत पाच. घाम थांबला, बोटं स्थिर झाली, पहाटे चारचं शेण काढणं पुन्हा सहावर आलं आणि आप्पाण्णाला झोप लागू लागली. पण गाव अजून बोलतं ते मिरवणुकीनंतरच्या पंगतीबद्दल. बस्तीच्या अंगणात हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीचं, जेवण होतं. पहिली पंगत पुरुषांची, वाढायला बायका, हा जुना रिवाज. शालन पुरुषांच्या रांगेत शेवटी येऊन पत्रावळीपुढं बसली.

"डॉक्टरनं सांगितलंय, वेळेवर जेवायचं," ती म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत आप्पाण्णा पंगतीतून उठला आणि त्याने त्रिशलाच्या हातातली हुग्गीची बादली घेतली. शालनच्या पत्रावळीवर दोन पळ्या घातल्या.

"अवो, कंजूसपणा कसला? तूप कुठं हाय?" शालनने विचारलं.

त्याने तुपाची वाटी आणली. "बास?"

"मी बास म्हणंपर्यंत वाढायचं," शालन म्हणाली, आणि साऱ्या पंगतीसमोर, वर मान करून, तिने पहिला घास घेतला. पलीकडं बसलेल्या भरमूने आपली पत्रावळ थोडी सरकवून तिला जागा करून दिली.