चिंचेखालचा डंका

वेबसाइट लाइव्ह झाली होती, मॅपवर खूणही दिसत होती, आणि तरीही सुमनकाकी दहिसरला भर उन्हात बिल्डरच्या निळ्या पत्र्यांसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांच्या मुलाचा, मंगेशचा मला फोन आला. आईला बीपी आहे, माझं ती ऐकत नाही, तुम्ही जाऊन समजवा ना, मॅडम.

क्लायंटच्या आईची समजूत काढणं माझ्या कामात कधीपासून आलं, असं मनात आलं. पण गेले.

मी अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटंसं ऑफिस थाटून लहान धंद्यांच्या वेबसाइट करते. मंगेश आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर अकाउंट्सला आहे. त्याच्या आईचा मसाल्याचा डंका. आता डंका म्हणजे काय, हेही हल्ली सांगावं लागतं. विजेवर वरखाली आपटणारी लोखंडी मुसळं आणि खाली खल. बायका घरी मिरच्या, धणे, खडा मसाला भाजून आणतात आणि वर्षभराचा मसाला समोर उभं राहून कुटून घेतात. समोर उभं राहायचं ते आपल्या मसाल्यात शेजारणीचा मिसळू नये म्हणून. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि दुसऱ्या घराचं चुकलेलं, याबद्दल सगळ्यांची खात्री असते.

काकींची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि डंका नदीपलीकडच्या एका गल्लीत भाड्याच्या गाळ्यात हलला. नवा टॉवर होईल तेव्हा होईल. प्रश्न या उन्हाळ्याचा होता. डंक्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं, होळीनंतर आणि पावसाच्या आत. त्यामुळे काकींकडे कुणाचा फोन नंबर नव्हता. धड नावंसुद्धा नव्हती. ‘विरारच्या वहिनी’, ‘भावोजी शिंकतात त्या’, अशी सगळी ओळख. पत्र्यावर नव्या जागेचा बोर्ड लावला, तो कुणीतरी काढून टाकला. परत लावला, परत गायब.

पहिल्याच भेटीत काकी मला म्हणाल्या होत्या, “गिऱ्हाईक वर्सान एकदा येता गो. ह्या वर्सा पत्रे बघान परत गेला, तर ता कायमचा गेला.”

म्हणणं खरं होतं. एक वर्ष पुडीचा मसाला घरात आला की पुढच्या वर्षी मिरच्या भाजायला कोण बसतंय?

म्हणून वेबसाइट. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि होस्टिंग म्हणजे त्या पत्त्यावरची भाड्याची खोली. दोन्ही घेतलं. नाव मंगेशने ठरवलं, आडनाव आणि पुढे ‘स्पाइसेस’. त्याने लोगोसुद्धा करून घेतला, काळ्यावर सोनेरी. नव्या जागेचा नकाशा, वेळ, फोन, सगळं झकास बसवलं. आणि एक फोन वाजेल तर शपथ.

तर मी दहिसरला पोचले. काकींच्या डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. म्हटलं, काकी, घरी चला, आता वेबसाइट आहे, लोक शोधतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीही शेजारी उभी राहिले.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन एक बाई उतरल्या. भाजलेल्या मिरच्यांचा खाट आधी आला, बाई नंतर. त्या विरारच्या वहिनी निघाल्या. लग्न होऊन याच चाळीत आलेल्या, पुढे विरारला गेलेल्या, पण मसाल्याला दरवर्षी इथेच.

“काय हो काकी, जागा बदलली तर कळवायचं ना,” त्या म्हणाल्या. “काल मोबाइलवर किती शोधलं. काहीसुद्धा येत नाही.”

हे मला लागलं. माझी वेबसाइट आणि येत नाही? मी विचारलं, “काय टाकून शोधलंत?”

त्यांनी फोनच पुढे केला. वर लिहिलं होतं, ‘चिंचेखालचा डंका दहिसर’. खाली चिंचगुळाच्या आमटीच्या रेसिपी ओळीने उभ्या होत्या.

चिंच कुठली, असं मी विचारलं. डंक्याच्या दारात होती म्हणे, कधीच कापली. पण सगळं जग तसंच म्हणतं. मी काकींकडे वळले. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?

“लोका म्हणतत,” काकी म्हणाल्या. “आम्ही कित्याक म्हणू? आमच्यासाठी ता दुकान.”

मला एकदम माझी आई आठवली. दिंडोशीच्या कॉलनीतून ती मला डंक्यावर घेऊन जायची. नाकाला रुमाल बांधून मी बाकावर बसायचे आणि तरी शिंकायचे. घरी येताना स्टीलचा डबा मांडीवर गरम लागायचा. त्या रात्री आमटीत नवा मसाला पडायचा आणि बाबा पहिल्या घासाला काहीच बोलायचे नाहीत, म्हणजे उत्तम झालाय. त्या डंक्याचं नाव काय होतं? मला आजही माहीत नाही. आम्ही त्याला ‘विहिरीजवळचा’ म्हणायचो. आई गेल्यापासून मी पुडीच आणते. तिथे पत्र्यांसमोर उभी असताना आईची इतकी आठवण आली की डोळे पुसावे लागले. मिरचीचं निमित्त सोयीचं पडलं.

मंगेशला नाव बदलायला पटवणं मात्र अवघड गेलं. झाड नाही, चाळ नाही आणि वर ‘चिंचेखालचा’ लिहायचं? लोक हसतील, मॅडम. मी म्हटलं, “हसू देत रे. पण हसत हसत डंक्यावर येतील ना.”

वेबसाइटवर आणि मॅपवर नाव बदललं. सोनेरी लोगो काढला. झाडाचा फोटो मात्र काकींकडे नव्हता. स्वतःच्या दाराचा फोटो कोण काढून ठेवतं? तो विरारच्या वहिनींनी पाठवला. त्यांच्या जाऊबाई, दोन मुलं, पायाशी मिरच्यांची पिशवी, आणि वर सगळी फ्रेम भरून चिंच. काकींनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. “एवढी मोठी होती?” असं म्हणाल्या फक्त.

तो फोटो पहिल्या पानावर टाकला. हळूहळू फोन वाजायला लागले. नालासोपारा, कळवा, बदलापूर. पत्र्यासमोरचं स्टूल गाळ्यात आलं.

मे महिन्यात मीसुद्धा पिशवी घेऊन गेले. मावशीला विचारून आईचं प्रमाण जुळवलं होतं. रांगेत माझ्यापुढे एक तरुण मुलगी होती, सासूने पाठवलेली. फोनमधला फोटो बघून ती गल्लीत इकडेतिकडे पाहत होती. तिने काकींना विचारलं, “पण इथे चिंच कुठे आहे?”

“चिंच मोबाइलात आसा,” काकी म्हणाल्या. “मिरच्यो हंय ठेव.”

तेव्हापासून नवा क्लायंट आला की नाव विचारायच्या आधी मी विचारते, लोक तुम्हाला काय म्हणतात? बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग मी जाऊन त्यांच्या दुकानाबाहेर थोडा वेळ उभी राहते.