‘दुस-या’मधली रेघ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शालन आक्का मधाळे यांचं नाव घेतो. आईला वाईट वाटत नाही, कारण तिला विचारलं तर तीही आधी आक्कांचंच नाव सांगते. निपाणीच्या त्यांच्या टायपिंग क्लासात मी बोटं चालवायला शिकलो, त्या बोटांवर नोकरी लागली, नोकरी करत पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावजवळच्या मच्छेच्या कारखान्यातल्या माझ्या टेबलाशी होतो. फोनवर त्यांचा भाचा मिलिंद होता. तोही त्यांना आक्काच म्हणतो. “दादा, आक्का गेल्या. सकाळीच गेल्या.” त्यावर माणूस काय म्हणतो? कधी, कशा, कोण आहे जवळ… मी म्हणालो, “मिलिंद, मी पाठवलेली फाइल त्यांनी उघडलीती का रं?” तो म्हणाला, “दादा, माती चारला हाय. तुम्ही या.” या गोष्टीला आता पाच आठवडे होऊन गेले. मी तो प्रश्न का विचारला, हे मिलिंदला नीट सांगायचं राहून गेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

बारावी झाल्यावर आईनं मला आक्कांच्या क्लासात नेलं. आई विड्या वळायची. सूप मांडीवर घेऊन बसलेल्या पाच-सहा बायकांत तिचा दिवस जायचा. आक्का त्याच गल्लीत वाढलेल्या. त्यांची आईही विड्याच वळायची. त्या मॅट्रिक झाल्या, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि बसस्टँडच्या मागं दोन खोल्या घेऊन क्लास काढला. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. “बोटं बघू,” म्हणाल्या. उलटी-सुलटी करून बघितली आणि आईला म्हणाल्या, “तुझीच हायत गं. चालतील. जिभेसारखी चालली न्हाईत म्हंजे झालं.” आई लई हसली. मी अपमान झाल्यासारखा उभा होतो.

पण क्लास हा आक्कांच्या कामाचा अर्धाच भाग होता. दुपारी बायका यायच्या, हातात कागद किंवा नुसतंच तोंडी काहीतरी घेऊन. कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागलेली असायची, कन्नडमध्ये. ती भाषा सगळ्यांना बोलता यायची, वाचता फार थोड्यांना यायची. मुदत निघून गेल्यावर बाई कचेरीत गेली की उत्तर तयार असायचं, “नोटीस लावली होती की.” मग ती आक्कांकडं. आक्का कन्नड वाचून सांगायच्या, मराठीत अर्ज टाइप करायच्या, खाली कन्नडमध्येही करून द्यायच्या. अर्जाबरोबर पत्रंही असायची. फौजेत गेलेल्या मुलाला, नांदत नसलेल्या लेकीच्या सासऱ्याला, शाळेच्या हेडमास्तरांना. बायका सांगत जायच्या आणि आक्का एक शब्द न बदलता टाइप करत जायच्या. प्रत्येक पत्राची एक प्रत स्वतःकडं ठेवायच्या.

संगणक आले तेव्हा जो मराठी फॉन्ट मिळाला, त्यात ‘शेतकऱ्यांना’ किंवा ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा र टाइप करायची सोयच नव्हती. नुसता र जोडायला गेलं की तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. आक्कांनी दोन दिवस डोकं लावलं आणि एक आडवी रेघ मारून टाकली. दुस-या. शेतक-यांना. नोक-या. कागदावर ती रेघ अगदी त्या अर्ध्या र सारखी दिसायची. ही युक्ती महाराष्ट्रात आणखी कितीतरी जणांना सुचली होती हे मला पुढं कळलं, पण आमच्या भागात ती आक्कांची. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या सगळ्यांच्या बोटांत ती बसली. मी पहिल्या नोकरीच्या अर्जातही ‘दुस-या’ असंच लिहिलं होतं.

क्लासातली जुनी टाइपरायटर यंत्रं काढायची वेळ आली तेव्हाची एक गोष्ट मला आता सारखी छळते. संगणक येऊन बसले होते, खोली अपुरी पडत होती. मी म्हणालो, “आक्का, एका रविवारी सगळी यंत्रं हलवू.” त्या म्हणाल्या, “ज्यांचा हात त्याच्यावर बसलाय त्यांचं काय?” त्यांनी वही काढली. यंत्रावर कोण शिकतं, कोणाची परीक्षा राहिली आहे, कोण वर्षातून एकदा येऊन टाइप करून जातं, अशी नावं काढली आणि एकेकाच्या घरी गेल्या. मागच्या खोलीत दोन यंत्रं ठेवली. ज्यांना संगणक जमेना त्यांच्यासाठी कळांवर जुनी अक्षरं लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. शेवटची बाई परीक्षा पास होऊन गेली, तेव्हा ती दोन यंत्रं निघाली. तोवर वर्ष-दीड वर्ष गेलं. मला ते सगळं भाबडेपणाचं वाटलं होतं. एवढ्या वेळात आणखी चार संगणक बसले असते, असा माझा हिशेब.

पुढं मी बेळगावला आलो, आणि नोकरीनंतरच्या वेळात एका मुक्तस्रोत प्रकल्पात काम करू लागलो. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कोणीही वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. आमचा प्रोग्रॅम जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या कोणत्याही संगणकावर, फोनवर वाचता येईल असा बदलून देतो. आम्ही सहा-सात जण. एकमेकांना आम्ही फारसे भेटलेलोही नाही. त्यात अक्षर आणि य किंवा ह यांच्यामध्ये रेघ आली की तिचा अर्धा र करायचा, असा नियम मीच घातला होता. आक्कांसाठीच घातला होता. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “माझी रेघ आता पुस्तकात गेली म्हण की!”

गेल्या काही वर्षांत आक्कांची दृष्टी साखरेनं नेली. मागून मूत्रपिंडंही गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला त्या बेळगावला यायच्या. तेव्हाच त्यांनी एक काम काढलं. जपून ठेवलेली सगळी पत्रं ज्याची त्याला परत द्यायची. लिहून घेणारी बाई असली तर तिला, नसली तर तिच्या लेकराला. मिलिंदनं पेटीतल्या जुन्या फ्लॉप्यांवरच्या फाइली आमच्या प्रोग्रॅममधून काढून दिल्या आणि मजकूर वाचून दाखवणारा आवाज संगणकावर बसवून दिला. तो बाईचा आवाज. आक्का त्याला ‘बाई’च म्हणायच्या. बाई पत्र वाचायची, आक्का ऐकायच्या, चार ओळींत ओळखायच्या, “ही सुंदराची. लेक हिंडलग्याला दिली हाय तिची,” आणि मिलिंद छापून ते पोचवायचा. डोळे नव्हते, दिवस मोजके होते, आणि पत्रं पेटीभर होती.

त्याच सुमारास आमच्या प्रोग्रॅमबद्दल एक तक्रार आली. एका शाळेच्या वार्षिक अंकात ‘गंगा-यमुना’चं ‘गंगाऱ्यमुना’ झालं होतं. प्रकल्पातले सगळे हसले. तक्रार खरीच होती, खऱ्या रेघेलाही आमचा नियम खात होता. एकानं लिहिलं, आता असं टाइप कोण करतं, हा नियम काढून टाकू. मी ‘हो’ म्हणालो. सहा महिने आधी वेबसाइटवर सूचना लावली, मुदत संपली तशी मी स्वतः त्या नियमाच्या अकरा ओळी प्रोग्रॅममधून पुसल्या. खरं सांगतो, पुसताना बरं वाटलं. घर झाडल्यासारखं.

महिन्याभरानं आक्कांचा फोन. “अरं, ही बाई तोतरं बोलाय लागलीया.” मी म्हणालो, अपडेट झालं असेल, मिलिंदला बंद करून चालू करायला सांगा. पुन्हा आठवड्यानं फोन. “शेतक म्हणती, थांबती, मग यांना म्हणती. दुस म्हणती, मग या म्हणती. शेजारची पारू ऐकत हुती, तिला वाटलं बाई कुणालातरी या-या म्हणून बोलावतीया.” तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फोनवर सगळं समजावलं, गंगा-यमुनेसकट. म्हणालो, “आक्का, ती पद्धत जुनी झाली. आता कोण तशी रेघ मारत न्हाय.”

“आता मारत न्हाईत. पण मारलीया की. ती कुठं जाईल?”

“आम्ही सहा महिने आधी सूचना दिलती.”

“कुठं लावलीतीस?”

“वेबसाइटवर.”

“कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत,” मी म्हणालो. एकाच ओळीची सूचना होती ती. त्या वेबसाइटवर आक्का कधी गेल्या नव्हत्या आणि जाणारही नव्हत्या. आक्का म्हणाल्या, “नोटीस लावली होती की… व्हय रं? तू पण त्यातलाच झालास.” रागानं नव्हे. थट्टेत म्हणाल्या, आणि वर हसल्या. ते हसणंच मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

जुनी आवृत्ती परत बसवून दे, असं मिलिंदला सांगितलं तर ती त्याच्या नव्या संगणकावर चालेना. नियम जसाच्या तसा परत आणावा तर गंगा-यमुना पुन्हा बिघडणार. प्रकल्पातल्या बाकीच्यांना पटवायला वेळ गेला. एकानं विचारलं, “एका बाईसाठी?” मी लिहिलं, एक बाई आपल्याला कळली, न कळलेल्या किती आहेत ते माहीत नाही. हे उत्तर मला आधी सुचायला हवं होतं. मग फाइल अर्धा र नसलेल्या जुन्या फॉन्टमधली असेल तरच नियम चालेल, शब्द यादीशी पडताळून बघेल, शंका आली तर विचारेल, अशी रचना केली. सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिल्या. यात सात आठवडे गेले. सात आठवडे आक्का त्या तोतऱ्या बाईकडून पत्रं ऐकत होत्या. मिलिंद म्हणतो, दिवसाला सात-आठ ओळखायच्या तिथं दोन-तीनवर आल्या. डोकं दुखतं म्हणून मध्येच बंद करायच्या. पेटीत अजून पत्रं शिल्लक आहेत. ती कोणाची हे सांगणारं आता कोणी नाही.

नवी आवृत्ती झाली त्या दिवशी मी मिलिंदच्या संगणकावर ती दुरून बसवून दिली आणि तिच्यातूनच ऐकता येईल असं एक पत्र आक्कांना पाठवलं. त्यानंतर सहाव्या दिवशी त्या गेल्या. मातीच्या दुसऱ्या दिवशी मी मिलिंदला पुन्हा विचारलं, या वेळी जरा माणसासारखं. त्यानं आठवून सांगितलं, “शनवारी दुपारी बाई बोलत हुती खोलीत. मी बाहेर कपडे वाळत घालत हुतो. काय बोलत हुती ते न्हाय ऐकलं. पण अडखळत नव्हती, एवढं खरं.” ते माझं पत्र होतं का कोणा सुंदराचं, हे त्याला सांगता येत नाही. मलाही ते कधी कळणार नाही. पाठवलं होतं तसं, रेघांसकट, ते पत्र खाली देतो.

आदरणीय आक्का,

सा. न. हे पत्र मुद्दाम जुन्या फॉन्टात, तुम्ही शिकवलं तसं टाइप केलंय. बाईनं ते सरळ वाचलं तर नियम परत बसला असं समजा. दुस-या ओळीतच अडखळली तर मी पुन्हा चुकलो, मिलिंदला फोन करायला सांगा. गंगा-यमुना पण एकदा घातलीय, ती मोडते का ऐका.

तुमचं खरं होतं. नोटीस लावली म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे कचे-यांच्या भिंतींपाशी तुमच्यामागं उभं राहून मी बघितलं होतं, तरी विसरलो. गंगा-यमुनेचं कारण खोटं नव्हतं. पण त्याला दुसरा उपाय होता आणि तो शोधायला मी बसलो नाही, पुसणं सोपं होतं म्हणून पुसलं. तुमचे सात आठवडे मी घालवले. ते परत देता येत नाहीत.

आता एक काम तुमच्याकडं मागतो. आमच्या यादीत काढून टाकायचे आणखी नऊ जुने नियम आहेत. ते कोणी, कोणासाठी घातले, हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नाही. अशाच कोणीतरी अपु-या फॉन्टावर केलेल्या युक्त्या असणार. तुमच्याकडं शिकून नोक-यांना गेलेल्या, दुस-या गावांत क्लास काढलेल्या सा-या मुलींची नावं तुम्हाला पाठ आहेत. ती मला सांगा. कोण कुठं नांदते, कोण अजून टाइप करते. मी एकेकीच्या घरी जातो आणि बोटांत काय बसलंय ते विचारतो. विचारल्याशिवाय यातला एकही नियम काढणार नाही.

घाई न्हाय. आठवतील तशी सांगा. मी लिहून घेतो.

तुमचा,
प्रकाश