तलवाड्यात राहिलेला खेळ

सोलापूरहून सकाळची बीडची गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचा एक जोड आणि एक रिकामा स्टीलचा डबा होता. डब्यात मऊ सुती कापड अंथरलं होतं. येताना त्यात एक जपानी कॅसेट ठेवून आणायची होती. प्रवासाचं कारण एवढंच.

माझं वेड नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. आम्ही शाळेत होतो त्या काळातले जपानी टीव्ही-गेम मी जमवतो, खेळतो आणि त्यांची परीक्षणं मराठीत लिहितो. कोण वाचतं म्हणून विचारू नका. वाचणारे वाचतात, बाकीचे माझं वय काढतात. माझी बायको सविता तर रोज काढायची. मग एक दिवस माझ्या मागे बसून बघता बघता तिनं त्यातला एक गेम स्वतःच उचलला आणि मला दम भरला, यातलं काहीही सांगायचं नाही आणि मी संपवल्याशिवाय याचं परीक्षण लिहायचं नाही. जपानी तिला ओ की ठो कळत नव्हतं. तरी खेळत राहिली.

गेममध्ये एक आखूड केसांची पोरगी गावोगाव चालत असते. फुटलेल्या घंटेचे तुकडे गोळा करायचे आणि शेवटी डोंगरावर जाऊन ती घंटा वाजवायची. मी तो फार पूर्वी संपवला होता. शेवटी घंटा वाजते आणि पोरगी मरते. चांगला गेम आहे, पण शेवट असा का केला त्या लोकांनी, हे मला आजवर कळलेलं नाही.

सविताचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा ती माहेरी, तलवाड्याला जाऊन राहिली. जाताना गेमचं मशीन आणि ती कॅसेट घेऊन गेली. मी भेटायला गेलो की खेळ बंद करायची. म्हणायची, तू समोर बसू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. गेल्या वर्षी ती गेली. तिनं तो शेवट पाहिला की नाही, हे मला माहीत नाही. जी बाई स्वतः जायला निघाली होती तिनं ती पोरगी मेलेली पाहिली का, एवढं एकच मला हवं होतं. दुसरं काही विचारायला आता माणूसच नाही.

ते कळायची एक वाट होती. या कॅसेटच्या पोटात रुपयाएवढा चपटा सेल असतो. खेळ थांबवायचा तर पोरीला एखाद्या धर्मशाळेत झोपवायचं. ती कुठे झोपली, किती चालून आली, ते सगळं त्या सेलच्या जिवावर टिकून राहतं. मशीन चालू केलं की थांबवलेले खेळ ओळीनं दिसतात, आणि खेळ पूर्ण झालेला असेल तर पोरीच्या नावापुढे एक छोटं फूल येतं. सेल संपला किंवा काढला की सारं पुसलं जातं, मागमूस राहत नाही. आणि हा सेल आमच्या लग्नाहून जुना. माझ्याकडे कॅसेटमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं यंत्र आहे, पण ते घरी, टेबलाला जोडलेलं. म्हणून आठवड्यापूर्वी मेहुण्याला, अंकुशला, फोन करून सांगितलं की सेल फार जुना झालाय, कधीही जाईल, तेव्हा मी मशीन न्यायला येतो.

चौसाळ्याला गाडी चहाला थांबली. हायवेच्या कडेला भजी, केळी, मोबाइलची कव्हरं आणि शेतीची औषधं यांची दुकानं एकाला एक लागून. एका दुकानात रिमोटच्या ढिगात टीव्ही-गेमची पिवळी कॅसेट दिसली आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. खोड जात नाही. दुकानदारानं धूळ झटकून हातात दिली. आत गेम किती म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘‘नऊशे नव्व्याण्णव हायेत, पाव्हणं. आमी मोजले न्हाईत.’’ त्यात खरे चार असतात, बाकीचे तेच तेच फिरवून मांडलेले. एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी नुसता बघत उभा राहिलो. तेवढ्यात गाडी हलली. पळालो, चपलेचा अंगठा तुटला आणि एक चप्पल हातात घेऊन कंडक्टरच्या शिव्या खात चढलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कावून (का) उतरला होतात? खेळणं बघायला, असं कोणत्या तोंडानं सांगणार? चहाला, म्हटलं.

मांजरसुंब्याच्या घाटात सीताफळाची झुडपं धुळीनं पांढरी पडली होती. बीडला गाडी बदलली, गेवराईला पुन्हा बदलली, आणि तिथून जीपमध्ये कापसाच्या दोन गाठोड्यांमध्ये रुतून तलवाड्याला पोचलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि मधूनच कुणाची तरी मेंढरं बसवलेली. याच रस्त्यानं मी वर्षभरापूर्वी दर आठवड्याला येत होतो. तेव्हा खिडकीबाहेर काय होतं ते मला अजिबात आठवत नाही.

अंकुश मोटरसायकल घेऊन उभाच होता. सविताहून धाकटा, सरळ मनाचा गडी, शेती आणि शेरडं-मेंढरं सांभाळतो. घरी पोचलो, पाय धुतले, सासूबाईंनी पाणी दिलं. मी त्यांना मामी म्हणतो. त्या नुसतं माझ्याकडे बघून आत चुलीकडे गेल्या. मी सविताच्या खोलीत डोकावलो. ज्या स्टुलावर मशीन असायचं तो रिकामा होता. जुना डबा टीव्हीही नव्हता. टीव्ही पावसाळ्यातच बिघडून भंगारात गेला, हे अंकुशनं सांगितलं. मशीन कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्याचा चेहरा खुलला.

‘‘दाजी, तुमीच म्हणलता ना, सेल जुना झालाय म्हून. मंग तुमाला कशाला तरास? परवाच तेलगावला देऊन आलतो. लई भारी मेकॅनिक हाय. नवा सेल टाकून देतो म्हणला.’’

मी त्या स्टुलावर बसलो. चूक कुणाची? मीच अर्धवट बोललो होतो. सेल जुना झालाय, यापुढे आणखी एक वाक्य बोलायला माझं काय जात होतं? परीक्षणात पानंच्या पानं लिहितो आणि कामाच्या वेळी वाचा बसते, असा मी. अंकुशला म्हटलं, त्याला फोन लाव, थांबव म्हणावं, सेल मीच घरी बदलेन; खरं कारण त्याला लागेल म्हणून सांगितलं नाही. त्यानं लावला. फोन बंद. पुन्हा लावला, बंदच. आत्ताच निघू म्हटलं तर तो म्हणाला, आज तेलगावचा बाजार, तो लवकर शटर ओढून घरी जातो, सकाळीच गाठू. कामं फार असतात त्याच्याकडे, अजून हात लावला नसंल, असंही म्हणाला. मी ते वाक्य धरून बसलो. तुम्हाला सांगतो, त्या संध्याकाळी मी देवाकडे एकच मागत होतो की तो मेकॅनिक आळशी निघू दे.

जेवायला येसराची आमटी (भाजून दळलेल्या डाळी-मसाल्यांची झणझणीत आमटी), भाकरी आणि कांदा. मामी समोर बसून होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं की त्या पोरीचं पुढं काय झालं. मला आधी समजेना कुठली पोरगी. त्या म्हणाल्या, ‘‘टीव्हीतली. सवी दुपारी खेळायची अन् मला सांगायची.’’

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पोरगी माहेराला निघालीय. वाट चुकलीय. गावोगाव दारं वाजवते आणि माझ्या आईचं घर पाह्यलं का म्हणून विचारते. कुणी भाकरी देतं, कुणी अंगावर येतं. नदी आडवी येते, डोंगर आडवा येतो. रात्र पडली की धर्मशाळेत झोपते आणि उठून पुन्हा चालायला लागते. सविताला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं चित्रं बघून स्वतःची गोष्ट रचली होती आणि रोज दुपारी आईला थोडी थोडी ऐकवली होती. मी त्या गेमचा शब्द न् शब्द वाचलाय. त्यात आई कुठेच नाही. माहेरही नाही.

‘‘शेवटच्या आठवड्यात तिला बोलवत नव्हतं,’’ मामी म्हणाल्या. ‘‘खेळायची, पण सांगायची न्हाई. तुमी घरी नेऊन पुरा करा अन् मला फोनवर सांगा. ती पोचली का, तेवढंच.’’

मी मान डोलावली. म्हणजे सविता शेवटपर्यंत खेळली होती. ती डोंगरावर गेली असेल आणि घंटा वाजवून गप्प झाली असेल, किंवा अर्ध्या वाटेत पोरीला झोपवून गप्प झाली असेल. दोन्हींतलं काय, ते तेलगावात एका टेबलावर पडलेलं होतं.

सकाळी मामींनी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता) खायला घातला, वाटेसाठी धपाटे बांधून दिले आणि दारातच डोळ्याला पदर लावला. आम्ही माजलगाववरून निघालो. धरणाचं पाणी लांबपर्यंत चमकत होतं, हवेत गारठा होता, कुणीही थांबून फोटो काढला असता. मी अंकुशच्या पाठीमागे बसून गाडी जोरात घे म्हणत होतो. तेलगाव जवळ आलं तसे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, हलतडुलत चाललेल्या. अंकुश बिचारा हॉर्न वाजवत होता. त्याला वाटत होतं दाजींना गाडी गाठायची घाई आहे.

मेकॅनिकचं नाव बालाजी. दुकान म्हणजे उघड्या पंख्यांची आणि मिक्सरची रास. आम्हाला पाहून त्यानं कपड्यात गुंडाळलेलं मशीन बाहेर काढलं, पुसून लख्ख केलेलं. कॅसेटही पुसली होती. कालच काम झालं म्हणाला, अंकुशभाऊंच्या बहिणीचं आहे म्हणून आधी हातात घेतलं. मी म्हटलं, एकदा लावून दाखवा. त्यानं कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीला वायरी जोडल्या. ओळखीचं संगीत लागलं. घंटेचं चित्र आलं. बटण दाबलं.

तीन ओळी आल्या. तिन्ही रिकाम्या.

मी पुन्हा बंद करून चालू केलं. कॅसेट काढून फुंकली, खरं म्हणजे फुंकर मारून काही होत नाही हे मीच दहा वेळा लिहिलंय. पुन्हा लावली. रिकाम्या. फूल नाही, नाव नाही, गाव नाही. खाली जपानीत लिहिलं होतं, नवा प्रवास सुरू करा. बालाजी खुशीत म्हणाला, बघा, कसं स्वच्छ चाललंय. मग कागदाच्या पुडीत ठेवलेला जुना सेल माझ्या हातावर ठेवला.

‘‘मीटर लावून पाह्यलं, साहेब. ह्यात अजून जीव होता. आणखी दोन-चार वर्सं कुठं जात नव्हता. पण भाऊ म्हणले बदला, म्हून बदलला.’’

मी पैसे काढले तर अंकुशनं माझा हात धरला. म्हणाला, ‘‘अक्काचं हाय, दाजी. मी देणार.’’ त्याचे डोळे भरले होते. एक वर्ष झालं, या पोराला बहिणीसाठी काही करायला मिळालं नव्हतं आणि आज मिळालं होतं. आता याला मी काय सांगू? की तुझ्या अक्काचं उरलेलं एवढंएवढंसं होतं ते तू पुसून टाकलंस? राग असा आला होता की कुणाचं तरी नरडं धरावं, पण समोर धरण्यासारखं नरडंच नव्हतं. लई चांगलं काम केलंस, म्हटलं त्याला. तो हसला. चौकात बीडची गाडी आली तोवर माझ्याजवळ उभा राहिला आणि खिडकीतून मशीनची पिशवी आत दिली.

वडवणी, बीड, मग सोलापूर. वाटेत काय पाहिलं विचाराल तर काही नाही. प्रवासवर्णनात माणूस कुठून तरी काहीतरी घेऊन परत येतो आणि शेवटी चार शहाणपणाचे शब्द लिहितो. माझ्यापाशी तसे शब्द नाहीत. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो की जुन्या वस्तू जपा, जतन करा. जतन कशाचं करायचं असतं ते मला कळलं आणि ते मी वेळेवर केलं नाही. त्या गेमचं परीक्षण मी लिहिणार नाही. त्याला दहापैकी किती द्यायचे, हे ज्या माणसानं सांगायचं होतं ते नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मामींचा फोन आला. कुठवर आली म्हणून विचारलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. एका नदीपाशी आलीय, म्हटलं, होडी मिळेना. पुढच्या रविवारी होडी मिळवून दिली. त्याच्या पुढच्या रविवारी एका म्हातारीनं तिला दही-भाकरी घातली. मी मशीनला हातही लावलेला नाही. गेममध्ये काय आहे ते सांगणं हे माझं काम, आणि आता जे कुठेच नाही ते मी दर रविवारी एका आईला सांगतोय. सविता हे कसं करत होती, कोण जाणे. मला एका भागाला आठवडा लागतो, आणि फोन ठेवला की अंगातलं सगळं संपून जातं.

परवा मी गोष्टीचा पुढचा भाग सांगून थांबलो.

मग मामींनी विचारलं, ‘‘जावई, ती पोरगी जिती हाय न्हवं अजून?’’

‘‘आहे, मामी.’’

‘‘मंग पोचवायची घाई नका करू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चालू द्या तिला.’’