दुसरं पाकीट

जळगाव-धुळे बसमध्ये माझ्या शेजारी एक गडी बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना थाप मारायला त्याला माझाच गुडघा लागायचा. सरकारी हापिसात कॉम्प्युटर बसवायच्या टेंडरातून त्याला बाद केलं होतं. त्यावर हरकत घ्यायला तो धुळ्याला निघाला होता.

"आबा, दोन पाकिटं राहतात. पहिल्यात काम कसं करशील ते, समितीम्होरे बोलीसनी सांगानं; दुसऱ्यात भाव. आता बठ्ठं ऑनलाइन शे, तरी पाकीटच म्हणतात. मी पहिल्यातच नापास. मनं दुसरं पाकीट कोनी उघाडंच नही!"

"नापास कशात झाला रे?"

"बोलण्यात. साहेबसना म्होरे शुद्ध बोलाले गऊ, आनि तोंडच बंद पडनं."

आणि इथे पारोळं आलं तरी त्याचं बोलणं थांबेना, की माझ्या गुडघ्याला उसंत मिळेना!

मला हसू आलं. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा असाच मुका बसलो होतो. चौथी शिकलेला, रंगाने काळा, वर तोंडाला कुलूप. सासऱ्याने बादच केलं होतं. तेवढ्यात आतून मुलगीच बोलली, "नाना, आधी जेवाले तर वाढा."

भरीत पुढे आलं आणि मी जो बोलत सुटलो, तो लग्न ठरवूनच उठलो.

"हापिसात असंच बोल, आपल्या बोलीत," मी म्हटलं.

तो खदखदून हसला. "आबा, तुमना घरनी अक्काले समितीवर बसाडा ना!"

"ती गेली रे, औंदाच."

थाप मारायला उचललेला हात त्याने माझ्या गुडघ्यावर नुसताच ठेवला. धुळं येईपर्यंत काढला नाही.