अप्पांनी पाहिलेली आगबोट

‘बघू द्या की जरा,’ असं म्हणत अप्पा समोरची वस्तू बोटाच्या चिमटीत धरून चोळायचे. बेंबळीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, तेव्हा खणाच्या बाबतीत हे ठीकच. पण ते भाजीवालीची मेथी चोळायचे, माझ्या सदऱ्याची कॉलर चोळायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या शेरवानीचं टोक बोलता बोलता चोळत बसले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हाताला कळल्याशिवाय त्यांना काही खरं वाटत नाही.

मी त्या शाळेत मास्तर होतो आणि अप्पांच्या शेजारी राहत होतो. त्यांचा एकुलता एक मुलगा घरात भांडून मुंबईला गेला आणि आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागला. लढाईत ती बोट बुडाली. कोण वाचलं, कोण गेलं, कुणालाच सांगता येईना. लढाई संपली तरी मुलगा आला नाही.

घरात त्याची बायको होती. विशीतली, मुकाट्यानं राबणारी. एक दिवस सास्तूरहून तिचे वडील आले.

‘पोरीचा पाट लावावा, दुसरं घर द्यावं म्हणतो,’ ते हळूच म्हणाले. ‘तुमी हो म्हणाल तर.’

‘बघू द्या की जरा,’ अप्पा म्हणाले. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

मुलगा होता तसलं जहाज त्यांना बघायचं होतं. आमच्या भागात समुद्र पाहिलेला माणूस विरळा. अप्पांनी मोठं पाणी पाहिलं होतं ते नळदुर्गच्या किल्ल्यातलं. माझा साडू मुंबईच्या गोदीत होता. त्याच्याकडून कळलं, की शिडं आणि धुराडं दोन्ही असलेली एक जुनी आगबोट मोडीत काढण्याआधी लोकांना पाहायला उघडी ठेवली आहे. आम्ही निघालो.

आमच्या संस्थानाच्या, म्हणजे मोगलाईच्या हद्दीवर नाक्यावरच्या जवानानं विचारलं, ‘कहाँ चले, बाबा?’

‘जहाज देखने.’

जवानानं त्यांच्या कपाळावरचं भस्म, गुडघ्यापर्यंतचं धोतर न्याहाळलं. ‘शौकीन है बुड्ढा,’ म्हणून त्यानं आम्हाला सोडलं.

बोटीवर सुट्टीचे लोक बायकापोरांसह आले होते. माहिती सांगणारा माणूस पितळी चाक दाखवत होता, कप्तानाची खोली, तिच्यातला आरसा. अप्पांनी दोरखंड चोळले, शिडाचं कापड चोळलं. ‘जाडंभरडं, पण टिकाऊ,’ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘भट्टी कुठं हाय?’

‘ती खाली. पाहुण्यांना मनाई आहे.’

अप्पा हलेनात. बाजूला राखणीवर बसलेला म्हातारा खलाशी उठून आला. ‘कोण होतं तुमचं?’ त्यानं विचारलं.

‘ल्योक.’

खलाश्यानं लोखंडी झाकण उचललं.

खाली अंधार होता आणि गार पडलेल्या भट्ट्यांचा वास. भट्ट्यांशेजारी भिंतीला फळ्या ठोकलेल्या. त्यांवर आगवाले निजायचे. अप्पांनी एक फळी वितीनं मोजली. ‘आमचं पोरगं उंच हाय. पाय कुठं ठेवत असंल?’ त्यांनी विचारलं.

‘पाणी शिरलं तर निघायचं कुठून?’

खलाश्यानं उभ्या शिडीकडं बोट केलं. आम्ही उतरलो होतो तीच.

अप्पांनी धोतर खोचलं आणि ते शिडी चढू लागले. झपाझप. वर पोचले, पुन्हा खाली आले, पुन्हा चढले. त्यांच्या छातीचा भाता झाला होता. ‘अप्पा, पुरे,’ मी म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसावं. मी खाली शिडी धरून उभा राहिलो. बांधलेल्या बोटीतली ती घट्ट शिडी धरायची काही गरज नव्हती.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, ‘म्या म्हातारा चढलो, मास्तर. तो तर तरणा व्हता. निघाला असंल तो.’

बुडती बोट कलते, वाफ कोंडते, दिवे जातात, हे साडूनं मला सांगितलं होतं. अप्पांचा चेहरा कित्येक वर्षांनी उजळला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गावी आल्यावर सास्तूरचे व्याही निरोप मिळताच आले. सून दाराआड उभी होती. अप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

‘म्या सोता उतरून बघून आलो,’ ते म्हणाले. ‘वर यायला वाटच न्हाय. पोरीचं उरकून टाका.’

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. दाराआडून दबलेलं रडणं ऐकू आलं.

ती निघाली त्या दिवशी अप्पा बैलगाडीच्या लाकडी साट्यावर हात ठेवून शिवेपर्यंत चालत गेले. तिनं खाली उतरून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. गाडी वळणाआड गेली तरी ते तिथंच उभे. मी मागून गेलो.

‘चला अप्पा, घरी.’

‘तुमी व्हा म्होरं,’ ते म्हणाले. ‘तो आला तर त्याला काय सांगू, तेवढं सुचू द्या.’