लाँचवरची वेगळी थाळी

पावसाळ्याचे चार महिने वडील घरात असायचे आणि डब्यात तांदूळ नसायचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीतल्या गलबतावर ते खलाशी होते. गलबत किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलं की कमाई बंद. मग नाचणीची भाकरी आणि सुका बांगडा, तोही पुरवून. आम्ही पाच भावंडं एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसायचो. आम्हा कोकणी मुसलमानांत तशी रीतच आहे. वेगळं ताट आमच्या घरात फक्त आजाऱ्याला मिळायचं.

पुढे डोलकाठी उतरवताना ती वडिलांच्या गुडघ्यावर आदळली. तरीही लंगडत लंगडत त्यांनी दोन मोसम काढले. तोवर मी बी.एस्सी. झालो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी, आणि हे मी आजही मान वर करून सांगतो. दुबईला निघताना मी वडिलांना म्हणालो, "अब्बा, आता गलबतावर चढायचं नाही."

"तू तिकडे टिकलास तर नाही चढणार," ते म्हणाले. "परत आलास तर मी आहेच."

म्हणजे त्यांचा गुडघा माझ्या टिकण्यावर अवलंबून होता.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव अजून कुणी घेत नव्हतं. दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही तीरांवर घरं आणि मागे वाळू. आज शारजात राहून दुबईत नोकरी करणारे आमचे लोक रोज रस्त्यात अडकून बोटं मोडतात. तेव्हा अडकायला रस्ताच नव्हता. बंदरांसाठी समुद्र मोजणाऱ्या एका कंपनीला लांबच्या बेटावर माणूस हवा होता. पाण्यात आकडे रंगवलेली पट्टी रोवलेली, तिच्यावर पाणी कुठवर आलं ते दिवसभर दर तासाला वहीत लिहायचं. साहेबाने विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "ट्रेडिंग, सर." खलाशी म्हटलं तर हा माझ्या हातात पेन द्यायच्या ऐवजी दोरी देईल, अशी मला भीती वाटली.

लाँच खाडीतून सकाळी निघाली. तांदळाची पोती, रॉकेलचे डबे, चार शेळ्या, चार खलाशी आणि लाँचचा प्रमुख नाखुदा, म्हणजे आमच्याकडचा तांडेल. पांढऱ्या दाढीचा हा म्हातारा मुंबईच्या फेऱ्या करून हिंदी शिकला होता.

"पढ़ा-लिखा है?" त्याने विचारलं.

"बी.एस्सी. पंद्रह साल पढ़ना पड़ता है."

"या अल्ला! पंद्रह साल में तो मैंने तीन लाँच डुबा दिए." सगळे हसले. मी हसलो नाही. "बाप क्या करता है?"

"व्यापार," मी म्हणालो. एकदा बोललो होतो, आता मागे कसा फिरणार?

दुपारी मोठ्या परातीत भात आणि वर मासा आला. पाचही जण एक गुडघा उभा करून बसले. नाखुदाने सरकून जागा केली. "यल्ला, बी.एस्सी., बैठो."

"मेरा अलग दे दो," मी म्हणालो. "हम लोग अलग खाते हैं."

हम लोग म्हणजे कोण, देव जाणे. यांच्यात बसलो की मी यांच्यातलाच झालो, मग शिकलो कशाला, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. भांडाऱ्याने, म्हणजे रांधणाऱ्या खलाशाने, नाखुदाकडे पाहिलं. लाँचवर दुसरी थाळी नव्हतीच. त्याने पातेल्याचं झाकण उलटं केलं, त्यावर भात वाढला आणि पाण्याच्या पिंपाशेजारी माझ्यासमोर ठेवलं.

त्यानंतर चहा वेगळा आला, खजूर वेगळा आला. कुणी वाईट बोललं नाही. ते पलीकडे आपसात हसत होते आणि मी इंजिनाचा धडधडाट ऐकत बसलो होतो. चारही बाजूंना तेलासारखं गुळगुळीत पाणी, जमीन कुठेच नाही. शेळ्यांवर बांधलेल्या ताडपत्रीची दोरी सैल झाली होती, ती मला दिसत होती. लहानपणापासून मला ती गाठ येत होती. मी हात खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी बेट दिसलं, तेव्हा नाखुदा आपणहून जवळ आला.

"तुम्हारे जैसे दो यहाँ छोड़े मैंने. एक पहली ही फेरी में लौटा, रोता था. दूसरा उतरा ही नहीं. तुम कब लौटोगे, अभी बोलो, मैं जगह रखूँगा."

"नहीं लौटूँगा."

"क्यों? बाप का व्यापार है, घर जाके गद्दी पर बैठो."

"बाप खलासी है," मी म्हणालो. "घुटना टूटा हुआ है. मैं लौटा तो वो फिर चढ़ेगा."

"तो कल से ढक्कन में क्यों खा रहा है, गधे?"

त्याने भांडाऱ्याला ओरडून भात टाकायला सांगितलं. पण ओहोटी लागली होती, भात शिजेपर्यंत थांबलो असतो तर लाँचची छोटी होडी किनाऱ्याला लागली नसती. मी उपाशीच उतरलो.

बेटावर वीस-पंचवीस घरं होती, त्यातली निम्मी बंद. मोत्यांचा धंदा गेला तशी माणसंही गेली. एक मशीद, दोन विहिरी. लोक भले होते, दारात मासे ठेवून जायचे, पण सलामापुढे माझं अरबी जात नव्हतं. पट्टी बघायची, आकडा लिहायचा, पुढच्या तासाची वाट बघायची. चौथ्या दिवसापासून मी स्वतःशीच कोकणीत बोलू लागलो. दहाव्या दिवसापासून तेही थांबलं.

पंधराव्या दिवशी लाँच आली. त्या सकाळी मी ट्रंक भरून ठेवली होती.

"सामान?" नाखुदाने विचारलं.

"कमरे में है. बाँधा हुआ है." खोटं बोलायचं मी सोडलं होतं.

"जगह है," तो म्हणाला.

"पहले खाना खाते हैं."

लाँचवर परातीभोवती आम्ही सहा जण बसलो. भांडाऱ्याने माशाचा मधला तुकडा माझ्याकडे ढकलला. जेवून झाल्यावर मी नाखुदाच्या हातात दोन गोष्टी दिल्या, साहेबासाठी भरलेली वही आणि घरी पाठवायचं पत्र, आणि होडीतून किनाऱ्यावर परतलो. लाँच दिसेनाशी झाली तेव्हा पुढच्या नोंदीची वेळ झाली होती. पट्टी बघून खोलीत आलो आणि ट्रंक रिकामी केली.

त्या बेटावर मी चौदा महिने राहिलो. वडील पुन्हा गलबतावर चढले नाहीत.